मंगळवेढ्याहून बेदरला

दामाजीपंतांची गोष्ट ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळाच. मंगळवेढ्याला दुष्काळ पडतो, दामाजीपंत सरकारी कोठारं रयतेला मोकळी करून देतात, बेदरच्या बादशहाची माणसं त्यांना पकडून न्यायला येतात, आणि इकडे पांडुरंग विठू महाराच्या रूपात दरबारात जाऊन धान्याची पै न पै चुकती करतो. त्याच मंगळवेढ्याची कान्होपात्रा. तिलाही बेदरच्याच बादशहाचं बोलावणं येतं आणि ती पंढरपुरात विठोबाच्या पायांशी देह ठेवते. दोन्ही गोष्टी आपण कीर्तनांत ऐकल्या, नाटकसिनेमांत पाहिल्या. कान्होपात्रा तर बालगंधर्वांनी रंगभूमीवर उभी केली. पण या गोष्टींमधलं बेदर कुठे आहे, ते गाव दिसतं कसं, हे विचारावं असं कुणाच्या मनात येत नाही. गोष्टीत ते बादशहाचं ठिकाण म्हणून येतं आणि गोष्टीबरोबरच संपतं.

ते बेदर म्हणजे आजचं कर्नाटकातलं बीदर. उदगीरहून निघालं तर दोन तासांच्या आत पोचता येतं. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर ही गावं बीदर जिल्ह्यातच मोडत होती. गुलबर्गाही बीदरसारखंच हैदराबाद राज्यात होतं, मराठवाड्याच्या जोडीला. विजापूर तर मुंबई राज्यातला जिल्हा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यांच्या हद्दी ठरल्या, कारभार लोकांच्या भाषेत आला, ते चांगलंच झालं. मात्र त्या दिवसापासून आपलं कुतूहलही सोलापूरच्या वेशीशी थांबलं, असं मला फार वाटत आलं आहे. आपण रायगडाला जातो, वेरूळला जातो आणि मग थेट हंपी गाठतो. मधली विजापूर, गुलबर्गा, बीदर ही तीन शहरं राहूनच जातात. शहाजीराजांची कारकीर्द, अफझलखानाची स्वारी, चांदबिबीची लढाई यांतलं काहीही या शहरांना वगळून सांगता येत नाही. तरी ती आपल्या सहलींच्या यादीत नसतात.

गेल्या जानेवारीत मी ही वाट केली ती माझ्या जुन्या मैत्रिणीबरोबर. ती सोलापूरची. घरात कानडी, शाळा मराठी, आणि गल्लीत लहानपणापासून कानांवर पडलेली दखनी. या तिन्ही भाषांत तिला भाव करता येतो, रुसता येतं आणि अनोळखी माणसाच्या ओसरीवर बसून त्याच्या लेकीसुनांची चौकशी करता येते. मी पुण्याहून इतिहासाची पुस्तकं वाचून गेले होते. सनावळ्या मला येत होत्या, पण दारं उघडली ती तिच्या बोलण्याने.

सुरुवात मंगळवेढ्यापासूनच करायची, हा तिचाच आग्रह. "अगं, दामाजीला न सांगता बेदरला कसं जायचं?" दामाजीपंतांच्या मंदिरात दर्शन घेतलं आणि गावाबाहेर पडलो तर दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर शाळू उभा. कणसं भरत आली होती, काही शेतांत हुरड्याच्या आगट्या पेटल्या होत्या. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आता भौगोलिक मानांकन आहे. इथली काळी जमीन इतकी खोल आणि ओल धरणारी, की पेरणीनंतर पाऊस नाही पडला तरी पीक थंडीवर आणि जमिनीतल्या ओलीवर तगतं. दामाजींच्या कोठारांत काय असेल, हे त्या रस्त्याने जाताना वेगळं सांगावं लागत नाही. बेदरच्या खजिन्याला मंगळवेढं एवढं महत्त्वाचं का वाटावं, तेही तिथेच कळतं.

हीच ज्वारी विजापुरात ताटात भेटली. बसस्थानकाजवळच्या गल्लीत एक लिंगायत खानावळ आहे. बाहेर पाटी कानडीत, आत चार टेबलं आणि मागच्या बाजूला चुलीपुढे भाकऱ्या थापणाऱ्या बायका. ताटात गरम भाकरी, शेंगदाण्याच्या कुटात शिजलेली भरली वांगी, मोडाची उसळ, झुणका, शेंगाचटणी, लाल मिरचीचा ठेचा, दही आणि कच्चा कांदा. वांग्याला इथे एण्णेगायी म्हणतात. पातळ कडक भाकऱ्यांची चळत वेगळी ठेवलेली असते, ती आठवडाआठवडा टिकते. सोलापूरच्या माणसाला यात नवं काही नाही, आणि मला त्याचंच नवल वाटत होतं. राज्य बदललं, लिपी बदलली, पण ताट जागचं हललं नव्हतं. वाढणाऱ्या बाईंशी मैत्रिणीने कानडीत बोलायला सुरुवात केली आणि चार वाक्यांत निघालं की त्यांचं माहेर अक्कलकोटचं. मग मराठी, कानडी, पुन्हा मराठी. दुसऱ्या भाकरीवर न मागता लोण्याचा गोळा पडला.

विजापुरात लोक पहिल्यांदा गोलघुमटाकडे धावतात. आम्ही आधी मुलूख-मैदान तोफ पाहायला गेलो आणि ज्याला मराठी इतिहासाची ओढ आहे त्याने हाच क्रम धरावा, असं माझं मत आहे. पश्चिमेच्या तटावरच्या बुरुजावर ही पंचधातूची तोफ आहे. वजन अंदाजे ५५ टन. तोंड सिंहाचं, आणि त्याच्या जबड्यात चिरडलेला हत्ती. ती विजापूरची नाही. ती ओतली अहमदनगरात, १५४९ साली, मुहम्मद रूमी नावाच्या तुर्की कारागिराच्या देखरेखीखाली, निजामशहासाठी. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती. तिथून १६३२ च्या सुमारास ती विजापुरास ओढून आणली आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने.

पुण्याच्या माणसाला हे नाव परकं नाही. शहाजीराजांच्या जहागिरीवर चालून येऊन पुणं जिने बेचिराख केलं, गाढवाचा नांगर फिरवला असं आपण शाळेत शिकतो, ती फौज याच मुरार जगदेवाची. त्यानंतर काही वर्षांनी जिजाबाई बाळराजांना घेऊन पुण्यात आल्या आणि गाव पुन्हा वसलं. भीमा-इंद्रायणीच्या संगमावर हत्तीच्या भाराइतकं दान करायचं ठरल्यावर हत्ती तोलायचा कसा, असा पेच ज्याला पडला तोही हाच. हत्तीला नावेत चढवायचं, पाण्याची खूण करायची आणि तेवढ्याच खुणेपर्यंत नाव दगडांनी भरायची, ही युक्ती शहाजीराजांनी सुचवली असं सांगतात. त्या तुळादानावरून नागरगाव तुळापूर झालं. पुढे त्याच तुळापूरला संभाजीराजांचा अंत झाला. एका तोफेपाशी उभं राहिलं तर नगर, परांडा, पुणं, तुळापूर अशी सगळी गावं एका धाग्यात येतात. इंग्रजी अमलात, १८५४ साली, या तोफेचा लिलाव पुकारला गेला आणि बोली लागली अवघी १५० रुपये. एका अधिकाऱ्याने तो व्यवहार रद्द करवला म्हणून ती आज जागेवर आहे. भर उन्हातही तिच्या धातूला हात लावला की गार लागतो.

गोलघुमट मोठा आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. मुहम्मद आदिलशहाची ही कबर. घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर आणि खालच्या दालनाची जमीन १८,००० चौरस फुटांहून जास्त, मध्ये एकही खांब नाही. चौकोनी दालनावर गोल घुमट बसवायचा तर कोपऱ्यांचं काय करायचं, हा जगभरच्या गवंड्यांपुढचा जुना प्रश्न. विजापूरच्या कारागिरांनी आठ कमानी अशा उभारल्या की त्या एकमेकींना छेदत वर जातात, त्यांच्या माथ्यांवर एक गोल कट्टा तयार होतो आणि घुमट त्यावर विसावतो. कमानींचा रेटा बाहेर जाण्याऐवजी आत झुकतो आणि घुमटाचा बाहेरचा रेटा पेलतो. हे समजून घ्यायचं तर खाली मधोमध उभं राहून मान वर करून बराच वेळ पाहावं लागतं. प्रत्यक्षात काय होतं? शाळांच्या सहली अरुंद जिन्यांवरून धापा टाकत थेट वरच्या सज्ज्यात जातात, पोरं किंचाळतात, टाळ्या वाजवतात, प्रतिध्वनी ऐकतात आणि तासाभरात खाली येऊन बसमध्ये बसतात. आम्ही गेलो तेव्हा सांगली भागातल्या एका शाळेची मुलं होती. पोरांच्या आनंदाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण बरोबरच्या शिक्षकांनी त्यांना इब्राहिम रोजाकडे नेलंच नाही, याचं मला खरोखर वाईट वाटलं.

कारण विजापूरचं मन कुठे पाहायचं असेल तर ते इब्राहिम रोजात. शहराच्या पश्चिमेला एका चौथऱ्यावर समोरासमोर एक मशीद आणि एक कबर, मध्ये हौद. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने ही वास्तू आपली बेगम ताज सुलताना हिच्यासाठी आरंभली आणि १६२७ मध्ये स्वतः तो इथेच विसावला. बांधणारा मलिक संदल. खिडक्यांना जाळ्या आहेत, पण नक्षीच्या नव्हेत. अख्ख्या दगडी फळीत अरबी अक्षरं आरपार कोरली आहेत, अक्षरांच्या मधल्या पोकळीतून उजेड आत येतो. मैत्रीण एका जाळीशी बोट न लावता उभी होती. पलीकडून ऊन सरकत होतं तशी कबरीवरची अक्षरांची सावली हळूहळू बाजूला जात होती. तिथल्या राखणदाराने आम्हाला दाखवलं, की दालनाचं दगडी छत पार सपाट आहे आणि त्याला खालून कसलाही आधार नाही.

हा इब्राहिम लहान वयात तख्तावर बसला तेव्हा राज्य सांभाळलं चांदबिबीने. नगरच्या हुसेन निजामशहाची ती लेक आणि विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाची विधवा. पुढे १५९५ मध्ये मोगल नगरवर चालून आले तेव्हा तटावर उभी राहिलेली चांदबिबी ती हीच. इब्राहिम मोठा झाला तो गाण्याच्या वेडात. त्याने दखनीत 'किताब-ए-नौरस' हा पदसंग्रह रचला. पदं रागांप्रमाणे लावलेली, आणि त्यांत सरस्वती व गणपतीला वंदन. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. आपल्या तंबोऱ्याचं नाव त्याने मोतीखान ठेवलं होतं. गवयांसाठी आणि कलावंतांसाठी विजापूरशेजारी त्याने नौरसपूर नावाची वसाहत उठवली. इतिहासकार फरिश्ता याच दरबारी लिहीत होता. त्याच्याच लिखाणातून कळतं, की या इब्राहिमच्या आजोबांच्या पिढीत आदिलशाहीने जमाखर्च फारसीतून काढून इथल्या भाषेत, ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिला होता. एका अंगाला फारसी आणि दुसऱ्या अंगाला मोडी मराठी असे आदिलशाही कागद आपल्याकडच्या दप्तरांमध्ये आजही आहेत. मराठी सरदार, मराठी कारकून, मराठी देशमुख यांच्या हातांनी हे राज्य चाललं, आणि इथेच तयार झालेल्या माणसांनी पुढे स्वराज्य उभं केलं. विजापूरला शत्रूचं शहर एवढ्यावर सोडून देणं मला म्हणूनच अपुरं वाटतं.

शत्रूचं शहर म्हणूनही ते पाहावं. गावाबाहेर शेतांमध्ये काळ्या दगडाच्या साठहून अधिक कबरी रांगेने आहेत, सगळ्या एका मापाच्या, एका घडणीच्या. लोककथा सांगते, की मोहिमेवर निघण्यापूर्वी ज्योतिषाने अफझलखानाला तू परत येणार नाहीस असं सांगितलं आणि खानाने आपल्या बायकांना आधीच संपवलं. कथा लोकांची, कबरी मात्र दगडाच्या. खानाने स्वतःसाठी बांधून घेतलेलं थडगंही विजापुराबाहेर आहे, ते रिकामं राहिलं. १० नोव्हेंबर १६५९ नंतर त्याचा देह प्रतापगडाच्या पायथ्याशी राहिला. शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याला मैत्रिणीने विचारलं, इथे लोक येतात का? "यारू बरंगिल्ल," तो म्हणाला. कुणी येत नाही. आम्ही दोघी त्या रांगांमधून काही न बोलता चाललो. ज्या स्वारीचा पोवाडा ऐकत आपण वाढलो, तिची ही दुसरी बाजू महाराष्ट्रातल्या कुठल्याच गडावर दिसत नाही.

विजापूरहून गुलबर्ग्याकडे जाताना शाळू मागे पडतो आणि तूर सुरू होते. रस्त्याच्या कडेला तुरीची खळी, झोडपणीची धूळ, पोत्यांनी लादलेल्या ट्रॉल्या. इथली तूरडाळ आता 'कलबुर्गी तूरडाळ' म्हणून मानांकनासह विकली जाते. २०१४ मध्ये कर्नाटक सरकारने या शहरांची नावं अधिकृतरीत्या विजयपुरा आणि कलबुर्गी अशी केली. लोकांच्या तोंडी मात्र दोन्ही नावं चालतात.

गुलबर्ग्याचा इतिहास बहमनी राज्याचा, आणि त्या राज्याची सुरुवात देवगिरीला. १३४७ मध्ये तिथे हसन बहमनशहाला राज्याभिषेक झाला आणि राजधानी लगेच गुलबर्ग्याला आली. किल्ल्यातली जामा मशीद १३६७ ची. हिंदुस्थानातल्या बहुतेक मोठ्या मशिदींना मधे उघडं आवार असतं, इथे ते नाही. सगळी मशीद छताखाली. रुंद, बुटक्या, चुन्याने रंगवलेल्या कमानी एकीमागून एक अशा लागतात की एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक उजेडात विरघळल्यासारखं दिसतं. इराणातल्या कझवीनहून आलेल्या रफीने ती बांधली.

पण गुलबर्ग्याचा जीव किल्ल्यात नाही, तो ख्वाजा बंदानवाज गेसूदराज यांच्या दर्ग्यात. दिल्लीवर तैमूरची स्वारी आली तेव्हा हे चिश्ती संत ऐंशीच्या घरात होते. त्या वयात ते दक्षिणेत आले आणि १४२२ मध्ये इथेच गेले. दक्षिण त्यांना नवी नव्हती. मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवली त्या काळात त्यांचं बालपण तिकडे गेलं होतं, आणि त्यांच्या वडिलांची कबर खुलताबादेत आहे. दर्ग्यात गुरुवारी गेलो. गुलाबाच्या पाकळ्या, लोबान, कुराण वाचणारी मुलं, आणि कुंकू लावलेल्या बायका चादरीचं ताट डोक्यावर घेऊन रांगेत. शहराच्या दुसऱ्या अंगाला शरणबसवेश्वरांचं मंदिर आहे. तिथे दासोहाची, म्हणजे येईल त्याला जेवू घालण्याची, परंपरा आहे. दर्ग्यात जी आजी आमच्या पुढे होती तीच संध्याकाळी मंदिराच्या पायरीवर बसलेली दिसली. मैत्रिणीने ओळख दिली तर तिने पिशवीतून खडीसाखर काढून दोघींच्या हातावर ठेवली. सकाळी इथे न्याहारीला तहारी खातात आणि रात्री खव्याची मालपुरी. दोन्ही खाल्ल्याशिवाय गुलबर्गा सोडू नये.

गुलबर्गा-बीदर हा रेल्वेमार्ग २०१७ मध्ये पुरा झाला. त्याआधी हा प्रवास सडकेनेच करावा लागे. गाडी पठारावर चढते तशी माती काळ्याची लाल होत जाते. बीदर जांभ्या दगडाच्या पठारावर वसलं आहे, किल्ला त्याच दगडाचा आणि त्याचे खंदकही त्याच दगडात खोदलेले. काही ठिकाणी खंदक एक नव्हे, तीन आहेत, एकामागे एक. बहमनी सुलतान अहमदशहाने गुलबर्गा सोडून राजधानी इथे आणली.

गावात शिरल्यावर पहिल्यांदा दिसतो तो महमूद गवानचा मदरसा. १४७२ चा, तीन मजली. दर्शनी भिंतीवर निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या इराणी फरशांचे पट्टे अजून शिल्लक आहेत. दोन मिनारांपैकी एकच उभा आहे. औरंगजेबाच्या काळात, १६९६ मध्ये, आत साठवलेल्या दारूचा स्फोट झाला आणि पुढचा बराच भाग कोसळला. गवान इराणातल्या गिलानचा व्यापारी, नशिबाने वजीर झाला. कोकणात संगमेश्वर आणि खेळणा, म्हणजे आपला विशाळगड, जिंकणारा तोच आणि त्याच सुमारास विजयनगरकडून गोवा घेणाराही तोच. सरदारांच्या हातातले सुभे त्याने लहान केले, हिशेब तपासायला लावले. शत्रू तिथेच तयार झाले. कोऱ्या कागदावर त्याचा शिक्का मिळवून खोटं पत्र बनवलं गेलं आणि दारूच्या नशेत सुलतानाने १४८१ मध्ये त्याला मारण्याचा हुकूम दिला. त्याच्या मागे बहमनी राज्य टिकलं नाही. त्याचे पाच तुकडे झाले आणि त्यातल्याच निजामशाहीत व आदिलशाहीत पुढे भोसल्यांनी चाकरी केली. त्या एका खुनाने दक्षिणेच्या इतिहासाला वळण दिलं, असं म्हणणं मला अतिशयोक्तीचं वाटत नाही.

किल्ल्यातला रंगीन महाल बहुतेक वेळा कुलूपबंद असतो. पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात जाऊन विनंती केली तर माणूस किल्ली घेऊन येतो. बहमनींच्या त्या पाच तुकड्यांपैकी बीदरला आलेल्या बरीदशाहीतलं हे काम. काळ्या कुळकुळीत दगडात शिंपल्याचे तुकडे बसवून केलेल्या वेली, आणि ते काम दारावरच्या खिडकीतून आलेल्या उजेडात अजूनही चमकतं. वेळ कमी असेल तर बाकीचं सोडा, पण हे पाहा.

बीदरच्या पूर्वेला अष्टूर नावाचं खेडं आहे. तिथे शेतांच्या कडेला बहमनी सुलतानांच्या कबरी ओळीने उभ्या आहेत. एकीचा घुमट विजेने अर्धा फाटून पडला, त्यामुळे कवची कशी रचली आहे ते चिरून दाखवल्यासारखं दिसतं. अहमदशहाची कबर बाहेरून साधीच. आत मात्र काळोख. राखणदार आम्हाला थांबा म्हणाला, बाहेर उन्हात गेला, आरसा तिरका धरला आणि उन्हाचा एक झोत दारातून आत फेकला. भिंतीवर शेंदरी, निळा, सोनेरी रंग उमटला. तो आरसा हलवत गेला तशी भिंतभर अक्षरं, फुलं, चक्रं एकेक करून दिसत गेली आणि मागे पुन्हा अंधारात जात राहिली. घुमटाच्या आतल्या भागावर शहा नियामतुल्ला या इराणी सूफीची वचनं आहेत. अहमदशहाला वली म्हणतात, म्हणजे संत. दुष्काळात त्याने टेकडीवर जाऊन प्रार्थना केली आणि पाऊस आला, अशी आख्यायिका आहे. लिंगायत भाविक त्याला अल्लमप्रभू मानतात. त्याच्या उरुसाची तिथी हिंदू पंचांगावरून ठरते आणि कलबुर्गी जिल्ह्यातून एक जंगम आपल्या मंडळींसह चालत येऊन नारळ फोडतात. राखणदार हे सांगत होता आणि मैत्रीण हात जोडून उभी होती. "बेदरचा बादशहा" हे शब्द मी आजवर एकाच सुरात ऐकत आले होते. त्याच गादीवरच्या एका बादशहापुढे उदबत्त्यांची राख साचलेली मी त्या दिवशी पाहिली.

आणि मग बिदरी. चौबाऱ्याजवळच्या गल्ल्यांत घरोघरी हे काम चालायचं, आता मोजक्या घरांत चालतं. आम्ही ज्या उस्तादांकडे बसलो त्यांच्या ओट्यावर मुलगा आणि पुतण्या कामाला होते. जस्त साधारण सोळा भाग आणि तांबं एक भाग असा मिश्रधातू वाळूच्या साच्यात ओततात. निघालेली सुरई किंवा डबी कानशीने घासून गुळगुळीत करतात. मग मोरचुदाचं पाणी फासतात, त्याने पृष्ठभाग तात्पुरता काळा पडतो आणि त्यावर कोरलेली रेघ उठून दिसते. पोरगा मेणाच्या गोळ्यावर डबी रोवून बसला होता. एका हातात कलम, दुसऱ्या हातात छोटी हातोडी. फुलाची पाकळी त्याने हाताच्या अंदाजानेच काढली, पेन्सिलीची खूण नाही. खाचेत चांदीची तार ठेवून ठोकत नेली. तार खाचेत दबून बसली की वरून बोट फिरवलं तरी जाणवत नाही. नंतर सगळं घासून काढलं, आणि डबी परत राखाडी. चांदी आणि जस्त एकसारखी दिसायला लागली. मला वाटलं काम पुसलं गेलं.

"अब देखो," उस्ताद म्हणाले. किल्ल्याच्या जुन्या, बंद जागेतून आणलेली माती त्यांनी नवसागराबरोबर पाण्यात उकळली. "धूप-पानी लगी सो मिट्टी काम की नई." वर्षानुवर्षं ज्या मातीला ऊनपाऊस लागलं नाही तीच चालते. ती पारखायची कशी? त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली. मैत्रिणीनेही ठेवली. खारट, किंचित कडसर. किंचित तापवलेल्या डबीवर तो लेप चोळला, आणि पाहता पाहता जस्त काळंभोर झालं, चांदी मात्र जशीच्या तशी पांढरी. माती जस्तावर काम करते, चांदीला शिवत नाही. धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून डबी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली तेव्हा ती अजून कोमट होती.

बीदरच्या शाह रशीद अहमद कादरी यांना या कलेसाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याचा गल्लीला अभिमान आहे. पण उस्तादांचं दुखणं निराळं होतं. चांदी महागली की छोटा कारागीर माल भरू शकत नाही. शहरातल्या दुकानांत बिदरी म्हणून रंग दिलेल्या वस्तू विकल्या जातात. ओट्यावरचा पुतण्या हैदराबादला नोकरी शोधत होता. खरी बिदरी ओळखायची खूण त्यांनी सांगितली. काळा रंग नखाने खरवडून निघत नाही, आणि जस्तामुळे वस्तू हाताला जड लागते.

बीदरचं पाणीही पाहण्यासारखं आहे. नौबाद भागात जमिनीखालून कोरलेला करेझ आहे. इराणी पद्धतीचा भुयारी पाट, ठरावीक अंतरावर उजेडाची आणि उपशाची विवरं, उतार इतका मंद की पाणी आपणहून चालत राहतं. मलिक अंबरने औरंगाबादेत ज्या नहरी आणल्या त्या याच कुळातल्या. गावाजवळच नानक झिरा आहे. गुरू नानक इथे आले तेव्हा खारट मुलखात गोड्या पाण्याचा झरा लागला अशी श्रद्धा आहे, आणि शिखांच्या पंजप्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग बीदरचे. इथल्या गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये आम्ही पंगतीला बसलो तेव्हा डावीकडे नांदेडहून आलेलं शीख कुटुंब होतं आणि उजवीकडे उदगीरचे मराठी बोलणारे शेतकरी, बाजाराला आलेले. डाळीला गुलबर्ग्याच्या तुरीची चव होती, असं मैत्रीण म्हणाली. मी तिच्यावर विश्वास ठेवते.

या वाटेला कुठलाही खास बेत लागत नाही. सोलापूरहून विजापूर, तिथून गुलबर्गा, तिथून बीदर, आणि परतीला उदगीर-लातूर. सगळीकडे रेल्वे आहे, सगळीकडे एसटी आणि कर्नाटकच्या बस आहेत. जानेवारीत जावं, म्हणजे हुरडा आणि तुरीची खळी दोन्ही मिळतात. कानडी किंवा दखनी बोलणारं माणूस सोबत असलं तर फारच बरं. सोलापूर, लातूर, धाराशिव, नांदेडच्या शाळांना माझी कळकळीची विनंती आहे. यंदाची सहल विजापूरला न्याल तेव्हा गोलघुमटाच्या सज्ज्यातून मुलांना खाली आणल्यावर बसमध्ये बसवू नका. तासभर मुलूख-मैदानापाशी आणि तासभर इब्राहिम रोजात काढा. शक्य असेल तर एक दिवस वाढवून बीदरला जा आणि बिदरीच्या ओट्यावर मुलांना बसू द्या. तिथे एखादी छोटी डबी विकत घ्या, शाळेच्या कपाटात ठेवायला. पैसे थेट कारागिराच्या हातात द्या.